बुरुलकानची कढई

कारा-बुलुन गावात कुणाकडे लग्न निघालं की मेंढ्यांच्या आधी कढईची चौकशी व्हायची, आणि कढई म्हणजे बुरुलकानचीच. बिडाची, पन्नास माणसांचं मटण एका वेळी शिजेल एवढी. मागायला आलेल्याला ती कधी नाही म्हणाली नाही. फक्त कढई जिथे जाईल तिथे बुरुलकानही जायची. चुलीशेजारी आपली तिवई टाकून बसायची, कुणी झारा जोरात घासला की खाकरायची, आणि कढई घासूनपुसून झाली की गाढवगाडीत तिच्याच शेजारी बसून घरी परतायची. एका कढईला बोलावलं की दोघी येतात, असं लोक हसून म्हणत. ते तिच्या कानावर होतं, पण तिने कधी मनावर घेतलं नाही.

तिची सगळी हयात अशी मूठ आवळूनच गेली होती. सामूहिक शेती मोडली तेव्हा बाकीच्यांनी वाट्याची जनावरं विकून खाल्ली. हिने वाट्याला आलेली लंगडी गाय धरून ठेवली आणि तिच्या दुधावर घर चालवलं. नवरा गेल्यावर दिराने कुरणावर डोळा ठेवला, तर ही कुरणाच्या कडेला आठ दिवस तंबू ठोकून राहिली. पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी ती येशूच्या मार्गाला लागली. गाव मुसलमानांचं. दीर दारात येऊन ओरडला, "मेल्यावर आमच्या कबरस्तानात जागा मिळायची नाही तुला!" ती शांतपणे म्हणाली, "मग मरायची घाई करत नाही मी." श्रद्धासुद्धा तिने गायीच्या दाव्यासारखी मनगटाला गुंडाळून धरली. दर रविवारी मैत्रीण साकिनच्या घरी चौदा माणसांची मंडळी प्रार्थनेला जमायची, त्यात पहिली हजेरी हिची.

आणि तिची जिबेक. पहिलं नातवंड आजीने आपलं म्हणून वाढवायचं, ही तिकडची जुनी रीत. मुलगा तालांत आणि सून कुंदुझ राजधानीत, बिश्केकला राहत. जिबेकचं दूध तोडून एकोणीस वर्षांच्या कुंदुझने ती सासूच्या मांडीवर आणून ठेवली. तेव्हापासून पोर बुरुलकानला ‘अपा’ म्हणे, म्हणजे आई, आणि जन्मदात्या आईला ‘जेने’, म्हणजे वहिनी. गावात कुणाला यात वावगं वाटत नव्हतं.

गेली दोन वर्षं मात्र सून पोरीला परत मागत होती. बुरुलकानचं उत्तर ठरलेलं असे, "माझ्या प्रभूने मला दिलीय ती." मंडळीपुढे साक्ष द्यायला उभी राहिली की हेच सांगे, आणि सगळे आमेन म्हणत. आता प्रभूशी कोण वाद घालणार? शिवाय घरातल्या मोठ्याने तळहात पसरून आशीर्वाद दिल्याशिवाय कुणी लांबच्या वाटेला लागत नाही, आणि बुरुलकान हात पसरतच नव्हती. दोन्ही उन्हाळ्यांत तालांतची मोटार जशी आली तशी परत गेली.

यंदा जिबेक सातची झाली. शाळा उघडायला चार दिवस होते. आजी-नात छपराखाली बसून वाळवणासाठी आंबट चक्क्याच्या गोळ्या वळत होत्या, तेवढ्यात मोटार आली. तालांत उतरला, आईला मिठी मारली आणि मोटारीचं तोंड उघडून आत डोकं घालून उभा राहिला. मोटारीला काही झालेलं नव्हतं. आईसमोर बायकोची बाजू घ्यायची वेळ आली की त्याची मोटार नेमकी बिघडायची.

कुंदुझ आत आली. बुरुलकानने चहा ओतला आणि तिने तोंड उघडायच्या आत सांगून टाकलं, "पोरीचं नाव इथल्या शाळेत घातलंय."

"कळलं, अपा."

"मग?"

"मग काही नाही. भांडायला नाही आले मी. शाळेचे कपडे आणलेत, ते इथेच घालील."

तिने पिशवीतून गणवेश काढला. गडद तपकिरी झगा, पांढरी जाळीची कॉलर. मग दुसरा काढला, अगदी तसाच. मग तिसरा.

"तीन कशाला गं? रोज एक फाडणार आहे का ती?"

"तीन मापांचे आहेत," कुंदुझ म्हणाली. "एखादा तरी बसेल." ती कॉलरवरून बोट फिरवत राहिली. "कारखान्यात दिवसाला चाळीस झगे शिवते, अपा. दारातून बाई आत आली की नुसतं बघून माप सांगते. हिचं काही सांगता येईना."

ती रडली नाही. रडली असती तर बुरुलकानला सोपं गेलं असतं, कारण रडणाऱ्या सुनेला दटावायची तिला सवय होती. सगळ्यांत मोठा झगा जिबेकला बसला. पोरीने गिरकी घेतली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "फार छान आहे, जेने." कुंदुझ गुडघ्यांवर बसून तिच्या झग्याचे सुटे दोरे तोडत राहिली. तोडून संपले तरी तोडत राहिली.

बुरुलकान तडक गोठ्यात गेली. प्रार्थनेला उभी राहिली, पण शब्दच येईनात. इतकी वर्षं प्रभूचे आभार मानले होते तिने. ज्या मुलीने बाळ आणून मांडीवर ठेवलं आणि भरल्या छातीने मोटारीत जाऊन बसली, तिचे एकदाही नाही. तिला स्वतःची लाज वाटली. ती गायीच्या पाठीवर कपाळ टेकून उभी राहिली.

"इथे लपलीस होय?" दारात साकिन होती. "रविवारच्या जेवणाला कढई न्यायला आलेय. गाडी बाहेर उभी आहे, तुझी तिवईपण ठेवलीय बघ गाडीत. आणि मोटारही दिसली."

"साकिन, प्रभूने दिली ना गं मला पोर?"

"दिली की. मी कुठे नाही म्हणते?" साकिनने गायीच्या मानेवर थोपटलं. "पण देऊन तो शेजारी तिवई टाकून नाही बसला, बुरुल."

बुरुलकानने तिच्याकडे असं बघितलं की दुसरी बाई पळून गेली असती. मग हात पुसले आणि ताठ मानेने घरात गेली.

"जिबेक, इकडे ये. ही तुझी अपा. आजपासून हिला अपा म्हणायचं आणि मला आजी."

"का?"

"कारण तसंच आहे. तू हिच्याबरोबर जायचंस."

कुंदुझच्या हातातला चहाचा पेला कलंडला. जिबेक आजीच्या कमरेला बिलगली. "मी नाही जाणार. मला तूच पाहिजेस."

आता बुरुलकानने फक्त गप्प राहायचं होतं. आणखी काही करायचं नव्हतं. पोरीचंच मन नाही म्हणता आलं असतं, आणि मोटार तिसऱ्यांदा रिकामी गेली असती. त्या गप्प बसण्याचा तिला फार मोह झाला. मग तिने कमरेभोवतीची बोटं एकेक करून सोडवली.

"जायचंय. वासरू तुझंच राहील, सुट्टीत येऊन बघ किती वाढलंय ते. आणि रात्री झोपताना हिच्या कुशीत पाय घालायचे. ही काही म्हणायची नाही."

निघताना कुंदुझ म्हणाली, "अपा, तुम्हीही चला ना. पहिला आठवडा तरी."

"चल की, आई," तालांत म्हणाला. मोटार आपोआप दुरुस्त झाली होती. "मागे पोरीशेजारी जागा आहे."

जागा होतीच. बुरुलकानने ती दोन वेळा बघितली. तिचं गाठोडं बांधायला पाच मिनिटं पुरली असती.

"नाही," ती म्हणाली. "मी शेजारी येऊन बसले तर मी दिलं काय?"

मग तिने दोन्ही तळहात उघडून छातीसमोर धरले. "प्रभो, ही पोर तुझी. वाट तुझी. जिने तिला जन्म दिला तिचे मी आभार मानते, उशीर झाला त्याबद्दल क्षमा कर. आमेन." शेवटचे शब्द ऐकून कुंदुझने तोंडावर हात धरला. रीतीप्रमाणे बुरुलकानने तळवे चेहऱ्यावरून फिरवले, पण ते खाली आणायला तिला वेळ लागला. जिबेक खिडकीतून रडत हात हलवत होती. मोटार वळणाआड गेली.

साकिनने कढई गाडीत चढवली होती. शेजारी तिवई होती. बुरुलकान गाडीपाशी गेली आणि तिवई उचलून खाली घेतली.

"येत नाहीस?"

"रविवारी येईन, जेवायला. कढई सावकाश पाठव."

साकिनने गाढव हाकललं. गाडी दिसेनाशी झाल्यावर बुरुलकानने तिवई अंगणातच टाकली आणि तिच्यावर बसून पोटभर रडली. राखायला शेजारी काहीच नव्हतं. मग गाय हंबरली, आणि ती दूध काढायला उठली.