घागरीने वाकवलेली कंबर

माझी कंबर जन्मापासून वाकडी आहे, असं परवा इथे ब्लॉगवर लिहिलं होतं. ते चूक होतं.

आज लातूरला पिलाटीजच्या व्यायामवर्गात खोल श्वास घेताना माझ्या डाव्या बरगड्या फुलेनात. शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "घागर डाव्या कमरेवर घेतेस ना? त्यानंच कंबर वाकलीय." हो. दुष्काळ पडल्यापासून टँकरचं पाणी मीच भरते.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "पोरीच्या जातीला घागर कधी जड झाली का गं?"

रोज जिममध्ये वजनं उचलणारा धाकटा भाऊ म्हणाला, "मी घागर घेतली तर गल्ली हासंल की, ताई!"

हसू दे! माझा श्वास अडलेला चालतो, याची मान खाली गेलेली चालत नाही? तुमच्याकडे पाणी कोण भरतं?

टँकर आला तरी मी घागरीला हात लावणार नाही. येत्या शुक्रवारीच टँकर येतोय.