सुशीलाबाईंनी परत घेतलेला प्रबंध

सुशीलाबाईंसमोर कुणी "नाही" म्हणून सुटत नसे. शिपायाने स्टाफरूममधली साखर संपल्याचं सांगितलं, तर त्या म्हणत, "संपली, का तुले दिसली नाई?" आणि स्वतः कपाट उघडत. बहुतेक वेळा साखर मागच्या डब्यात असायची.

मुलांनो, सिंदेवाहीकडच्या आमच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत असे, त्या वनस्पतिशास्त्र. त्यांच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेल्या त्या पहिल्याच. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध पुरा झाला. त्याचं इंग्रजी मी तपासलं, म्हणून त्यातलं थोडं मला कळतं.

शेतातला धान आणि तळ्याकाठचा जंगली भात, या दोन जातींतलं एक जनुक त्यांनी तपासलं होतं. जनुकातले काही बदल प्रथिन बदलतात, काही काहीच करत नाहीत. या दोन्हींचं प्रमाण एका जातीच्या आत किती आणि दोन जातींमध्ये किती, ते ताडून पाहायचं. त्यात मोठी तफावत निघाली, तर निसर्गाने तिथे निवड केली असावी. जंगली भातात तफावत निघाली, धानात नाही. म्हणून निष्कर्ष असा, की निवड फक्त जंगली भातात झाली. ते वाक्य मला फार आवडलं होतं.

तोंडी परीक्षा कॉलेजातच झाली. परीक्षकांनी अभिनंदन केलं. सह्या चहानंतर व्हायच्या होत्या. धानाचा पहिला नमुना ज्यांच्या शेतातला, त्या पार्बताबाई पेढे घेऊन आल्या होत्या. प्रबंधातल्या नकाशावरची धानाच्या नमुन्यांची पाच गावं मी त्यांना वाचून दाखवली, तशा त्या हसायला लागल्या.

"हे तं आमचं गाव, न बाकीच्या चारही गावी आमच्या नणंदा देल्या हायेत!"

"मंग?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"मंग काय, बाई? बियाणं मायेरूनच नेतेत. आमच्याच कोठीतला धान हाय तो. मले विचारलं असतं तं एवढी पायपीट कायले केली असती?"

सुशीलाबाईंनी नकाशावरच्या पाचही गावांवरून बोट फिरवलं. पाच गावांचे नमुने म्हणजे एकाच घरचं बियाणं. धानाच्या आतले फरक त्यात जवळजवळ नव्हतेच, मग चाचणीला दिसणार काय? निवड झाली नाही, की दिसली नाही? जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न त्यांनी इथेच विचारला नव्हता.

त्या तडक परीक्षकांच्या खोलीत गेल्या. "सर, सह्या करू नका. निष्कर्ष चुकला."

मी मागोमाग दारापर्यंत गेले. त्यांचे मार्गदर्शक दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, आधी पदवी घ्या, मग दुरुस्त करा. कोण पाहते?"

"मी पाहून राह्यली ना, सर."

त्यांनी टेबलावरचा प्रबंध उचलला, छातीशी धरला आणि बाहेर आल्या. व्हरांड्यात मी अक्षरशः ओरडले, "वेड लागलं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मॅडम, पार्बताबाई रागावली असती तं चाललं असतं. ती हासली हो."

पुढची चार वर्षं त्या आरमोरीच्याही पलीकडे नमुन्यांसाठी फिरल्या. आता दारात उभ्या राहून पहिला प्रश्न असे, "बाई, तुमचं मायेर कोणतं?" निवृत्तीनंतर वर्षभरातच त्या गेल्या, पदवीशिवाय.

त्यांच्या मुलीने त्यांची नमुन्यांच्या नोंदींची वही मला दिली. पानोपानी बायकांची नावं आणि त्यांची माहेरं. शेवटच्या पानावर निष्कर्ष, पेन्सिलने: "जंगली भात: निवड झाली असावी. धान: अजून सांगता येत नाही."