दोन हजेरीपटांवरचे मिस्त्री

आपण केलेलं काम समोर ठेवलं की ते आधी डोळे मिटून घेत. मग उजव्या हाताचा अंगठा लाकडावरून सावकाश फिरवत आणि डोळे न उघडताच म्हणत, "परत बघ." चांगलं नाही, वाईट नाही, नुसतं परत बघ. आपण मनात चरफडत परत बघायचं आणि चूक समोर दिसायची. असा एखादा माणूस तुम्हालाही भेटला असेल. भेटला असेल तर त्याचा राग किती येतो तेही ठाऊक असेल.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. ठाण्याच्या सरकारी उद्योगशाळेत ते सुतारकाम शिकवायचे. मूळचे कल्याणच्या खाडीकाठचे, घराण्यात माल वाहायचे मचवे बांधायचा धंदा. आगगाडी आली आणि माल गाडीने जाऊ लागला, तसं खाडीवरचं काम आटत गेलं. घरात खाणारी सात माणसं. म्हणून पन्नाशीच्या घरात हा माणूस आमच्यासारख्यांना रंधा धरायला शिकवू लागला.

आमच्यासारखे म्हणजे कसे, तेही सांगतो. मी इंग्रजी शाळेत दोनदा आपटलो होतो. वडील गेलेले, माझं नि आईचं काकांच्या जिवावर जगणं. काकांनी दोन वर्षांचा हिशेब मांडला : फी, हत्यारांची अनामत, ड्रॉइंगचे कागद, मुंबईहून आणायची कंपासपेटी, आणि ठाण्यातल्या खोलीचं भाडं. मग म्हणाले, "दोन वर्षं. तिसरं मागू नकोस." काकू म्हणाली, "पळी-पंचपात्री सोडून हा आता पटाशी धरणार." मी पटाशी धरली. तळ्याजवळच्या एका खोलीत आम्ही एका वर्गातले तिघे राहायचो, आळीपाळीने भात शिजवायचो आणि तिघांत एकच कंपासपेटी वापरायचो. एकाचं वर्तुळ होईपर्यंत दुसऱ्याने पेन्सिलीला टोक करत बसायचं.

माझं पहिलं वर्ष सुरू होतं आणि सरकारातून हुकूम आला की, ज्याच्याजवळ दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं सर्टिफिकेट नाही त्याला यापुढे शिकवता येणार नाही. हेडमास्तर भला माणूस. त्यांनी मिस्त्रींसाठी सूट मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा त्यांनीच वाट काढली : मिस्त्रींनी आपल्याच शाळेत नाव घालावं, सकाळी विद्यार्थी म्हणून बसावं, दुपारी शिकवावं. दोन वर्षांनी परीक्षा दिली की नोकरी कायम.

प्रवेशाच्या दिवशी मी कचेरीत होतो. कारकुनाने अर्ज भरला आणि म्हणाला, "पालकाची सही लागेल."

"माजा बाप जाऊन ईस वर्सं झाली," मिस्त्री म्हणाले.

"मग घरातलं जे कुणी वडीलधारं असेल ते."

कारकून हटेना. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी कल्याणहून आपल्या म्हाताऱ्या आईला गाडीत बसवून आणलं. पाल्य शिस्तीने वागेल आणि मधेच शाळा सोडणार नाही, या मजकुराखाली तिने अंगठा उठवला. शाई पुसता पुसता तिने कारकुनाला विचारलं, "पोराला हितं मारत तर नाय ना?"

आम्ही पोटभर हसलो. मिस्त्री हसले नाहीत. आईचा हात धरून पायऱ्या उतरले.

झालं. त्यांचं नाव दोन हजेरीपटांवर लागलं, एक शिक्षकांचा आणि एक आमचा. आमच्या पटावर त्यांचं नाव पुकारलं की शेवटच्या बाकावरून "हजर" असा दणदणीत आवाज यायचा. फी त्यांच्याच पगारातून कापून घेत. ड्रॉइंगमास्तर मुंबईचे, मिस्त्रींच्या थोरल्या मुलापेक्षा लहान. पण मिस्त्री कधी वाकडं बोलले नाहीत. कागदावर पेन्सिल मात्र ते पटाशीसारखी धरायचे, आणि कागद फाटायचा. ते कागद स्वस्त नव्हते.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मापं सगळी वीत-बोटांत. मग संध्याकाळी ते आमच्या बिऱ्हाडी यायला लागले. मी त्यांना अक्षरं शिकवली, फूट-इंच शिकवले, अपूर्णांक शिकवले. अपूर्णांकांनी त्यांना फार छळलं. "अर्द्याचं अर्दं पाव, ह्ये मला लाकडात कळतं रे. पाटीवर काय होतं त्याला?" असं म्हणून ते पाटी पुसायचे आणि पुन्हा मांडायचे. हे सगळं ओट्यावर चालायचं. आत आमची चूल होती, म्हणून ते आत येत नसत. आम्हीही कधी या म्हटलं नाही. थंडीत ते ओट्यावर कुडकुडत अपूर्णांक सोडवायचे आणि मी उंबऱ्याच्या आत बसून ते तपासायचो. त्या वेळी यात मला काही वावगं वाटलं नाही. आज वाटतं, आणि लाजही वाटते.

दीड वर्षाने एका दुपारी त्यांनी आमच्या वर्गाचा पट हातात घेतला आणि सगळी नावं स्वतः वाचली. तोवर ते डोकी मोजून हजेरी घेत असत. एका नावावर अडखळले, पण सोडलं नाही. त्या दिवशी कुणालाच "परत बघ" ऐकावं लागलं नाही.

परीक्षेला मुंबईहून परीक्षक साहेब आले. लेखी झालं, गणित झालं. मिस्त्री दोन्हींत काठावर निभावले. शेवटी ड्रॉइंग. साहेबांनी आमच्या कामाच्या फळीवरून हाताला लागेल ती एक वस्तू उचलून मेजावर ठेवली. लहानसा चौरंग होता. तो मापायचा आणि वरून, समोरून, बाजूने प्रमाणात काढायचा.

चौरंग माझा होता. पहिल्या वर्षी केलेला. त्याचा एक पाय खाचेत तिरपा बसला होता, बोटभर बाहेर फाकलेला. तो का फाकला, किती फाकला, हे मिस्त्रींनीच मला दाखवलं होतं, म्हणून मला ते पाठ होतं. मी पाय तसाच तिरपा काढला आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले.

मिस्त्रींनी चौरंगावरून एकदा अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि चारही पाय सरळ काढले. रेघ बारीक, कागद कुठे फाटलेला नाही. तसं सुंदर चित्र त्यांच्या हातून आधी कधी उतरलं नव्हतं. साहेबांनी पट्टी लावली. चित्रातलं माप आणि वस्तूचं माप जुळेना.

हेडमास्तरांनी त्यांना बाजूला घेतलं. आवाज अगदी रडवेला. "अहो, समोर आहे तसंच काढायचं होतं. एवढंच काम होतं."

"पाय वाकडा हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले. "ठाऊक असून वाकडा कसा काढू? हात जाईना."

ते नापास झाले. पुन्हा बसायची सोय नियमात नव्हती. हेडमास्तरांनी दोन पत्रं लिहिली, त्यांतल्या एकाचं उत्तर आलं, तेही नाही असंच. रिकाम्या जागेवर सर्टिफिकेट असलेला माणूस हवा होता. सुतारकामात पहिला नंबर माझा आला होता. जागा मला मिळाली.

मी नको म्हणू शकलो असतो. काकांच्या घरातलं आईचं जिणं डोळ्यांसमोर होतं, म्हणून नको म्हणालो नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला नोकरी हवी होती आणि ती मी घेतली. हत्यारांच्या कपाटाच्या किल्ल्या द्यायला मिस्त्री आले तेव्हा मी हात मागेच ठेवले. तेच म्हणाले, "घे रे. मी नाय तर दुसरा कुनीतरी येनारच. तुला निदान मी शिकवलंय."

पुढे प्लेगच्या साली ते गेले. मला ते महिनाभराने कळलं. त्याआधी आमची एकदाच गाठ पडली, तेवढी सांगतो.

माझ्या नोकरीचं दुसरं वर्ष होतं. ड्रॉइंगच्या वर्गातले बाक डगडगायला लागले होते. मी दोनदा दुरुस्त केले, ते टिकले नाहीत. हेडमास्तरांनी मला न सांगता कल्याणहून माणूस बोलावला, रोजावर. मी वर्गात शिरलो तर मिस्त्री जमिनीवर बसले होते, पुढ्यात बाक उलटा घातलेला. फार वाळले होते. मला पाहताच त्यांनी हातातला ठोकळा खाली ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि उभे राहिले.

"बसा ना, मिस्त्री," मी म्हणालो.

"तुमी बसा, मास्तर."

ते कधी मला तुम्ही म्हणाले नव्हते. मी म्हटलं, अहो, काय हे, बसा. ते हात बांधून तसेच उभे राहिले. मुलं बघत होती. शेवटी मी जवळच्या बाकावर बसलो, आणि मगच ते खाली बसले.