शिवगंगेवरच्या वहाणा

देवाच्या खालोखाल मी कुणाचा ऋणी असेन, तर माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा. मी शिकावं म्हणून तिनं सातवीनंतर शाळा सोडली आणि आईबरोबर विड्या वळायला बसली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, पण निकाल ऐकून रडली ती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळूरला नोकरी लागून मला चार महिने झाले होते. बसवनगुडीत एका जुन्या मराठी कुटुंबाकडे खोली घेतली होती. एका संध्याकाळी एसटीडी बूथवरून गावी शेजारच्या दुकानात फोन लावला, तेव्हा कळलं की ताईच्या पोटात गाठ निघाली आहे आणि दहा-बारा दिवसांनी, सोमवारी, मिरजेला ऑपरेशन आहे. "तू येऊ नकोस. तुझी नोकरी अजून कायम नाही," असं फोनवर आलेली ताईच म्हणाली. मी "बरं" म्हणालो. साहेबांकडे रजा मागायची मला भीती वाटत होती, हे मी तिला सांगितलं नाही. स्वतःशीही कबूल केलं नाही.

माझा चेहरा बघून घरमालकीण अक्का म्हणाल्या, "शिवगंगेला जाऊन ये. डोंगरावर कातळात एक खोल भोक आहे. आत हात घालायचा. पाणी हाताला लागलं, की काम झालंच समज."

रविवारी निघालो, पण पायथ्याशी पोचायला अकरा वाजले. एप्रिलचं ऊन होतं. मी वहाणा तिथंच झाडाखाली काढल्या आणि ताईसाठी अनवाणी चढायचा नवस बोललो. पहिल्या पायऱ्या सोसल्या. पुढं उघडा कातळ लागला आणि तळव्यांना फोड आले. एका खडकाच्या वीतभर सावलीत मी अंग चोरून बसलो. पुढं जाववत नव्हतं. मागं फिरलो तर ताईचं काही बरंवाईट होईल, असं मनानं घेतलं होतं. "ताई, ताई" एवढंच तोंडातून येत होतं.

वरून एक म्हातारं जोडपं उतरत होतं. बाई थांबल्या. "मराठी काय रे? इथं का बसलास?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं. "पाय असे तापवून देवाला त्यावर भाकरी भाजून देणार आहेस होय?"

"नवस आहे, आजी."

"बहिणीचा जीव तुझ्या तळव्यांवर टांगलाय? लई मोठे रे तुझे तळवे! स्वल्प देवावर पण सोड की." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "डोंगर चढायला येतं, मग तिच्याजवळ जाऊन बसायला काय होतंय?"

आजोबांनी तोवर आपल्या वहाणा काढून माझ्यापुढं ठेवल्या होत्या. मी नको नको म्हणू लागलो, तर आजी हसल्या. "घाल रे. ह्यांचे पाय दगडाचेच आहेत. खाली फुलं विकते ती आमची सून, तिच्यापाशी ठेव."

त्या वहाणा घालून मी वर गेलो. कातळातल्या त्या भोकापाशी रांग होती. माझी पाळी आली, तेव्हा मी वहाणा काढल्या, गुडघे टेकले आणि हात आत न घालता डोकं दगडाला लावलं. पाणी लागलं असतं तरी मी ताईकडे जाणारच होतो, नसतं लागलं तरीही. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

शिखरावर वारा होता. खाली आटत आलेली तळी, नारळीच्या बागा, काडेपेट्यांएवढी घरं. वायव्येकडं डोंगरांमागं डोंगर निळे होत गेले होते. तिकडं माझं गाव. मी बराच वेळ त्याच दिशेला हात जोडून उभा होतो.

खाली आलो तर माझ्या वहाणा झाडाखाली नव्हत्या. आजोबांच्या वहाणा द्यायला फुलवालीकडे गेलो, तर तिनं माझ्या वहाणा दुकानाच्या सावलीत आणून ठेवल्या होत्या. म्हणाली, "मामंजींनी सांगितलं, पोराचे पाय भाजलेत, त्याच्या वहाणा तापू देऊ नको."

ते जोडपं मला पुन्हा भेटलं नाही. मदतीला कोण आलं होतं, याचा मी खल करत नाही. त्या संध्याकाळी लिहिलेलं पत्र मात्र ताईनं अजून जपून ठेवलं आहे.

"ती. ताईस साष्टांग नमस्कार.
तू येऊ नको म्हणालीस. आजवर तुझं सगळं ऐकलं, हे एकदा ऐकत नाही. उद्या साहेबांकडे रजा मागतो. मिळाली तर बरंच, नाही मिळाली तरी शनिवारच्या गाडीनं निघतो. नोकरीचं देव बघेल. तुझंही तोच बघणार आहे, पण तो बघेपर्यंत मी तुझ्या उशाशी बसून राहीन. पायाला थोडं लागलंय, लंगडताना दिसलो तर रागावू नकोस.
तुझा धाकटा."