बंद कानातली चक्कर

पाथर्डीहून नगरची एसटी सुटली, तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीशी बसले आणि मला त्यांनी डावीकडे बसवलं. त्यांचा उजवा कान लहानपणी गालगुंडात गेला, तो कायमचाच.

हल्ली त्यांना अधूनमधून गरगरायचं. दिवाळीनंतर आईसोबत कोपरगावकडे ऊसतोडीला जायचं होतं. तिथे मोळी (उसाचा भारा) डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढावं लागतं. याच मोळ्यांवर मी बी.ए. झालो, नोकरीला लागलो. यंदा अण्णांनी फळी चढावी की नाही, हेच विचारायला आम्ही निघालो होतो.

करंजी घाटात मी हिरवी दरी पाहत होतो, तेवढ्यात अण्णांनी पुढच्या सीटची दांडी घट्ट धरली. सगळं फिरतंय, म्हणाले. डोळे एका बाजूला झटके देत होते. मग उलटी झाली. फिट आली असं समजून शेजारच्या मावशींनी पायातली चप्पल काढून त्यांच्या नाकाशी धरली. आमच्याकडचा हा पहिला उपाय. मी पित्त म्हणालो, तर कंडक्टरने लिंबू काढून दिलं.

अण्णा शुद्धीवरच होते. डोळे मिटून म्हणाले, "मावशे, फिट न्हाई ही. चप्पल तेवढी लांब धर."

नगरच्या दवाखान्यात दुपारपर्यंत त्यांना बरं वाटलं. मी पित्ताचंच सांगत होतो, पण डॉक्टरबाई जुन्या कानाबद्दल विचारत राहिल्या. तपासण्यांनंतर त्यांनी सांगितलं, की ऐकू येणं थांबलं तरी तोल सांभाळणारा भाग त्याच कानात आत असतो. काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षांनी तिथल्या पाण्याचा दाब वाढतो आणि चक्कर येते. मला नवलच वाटलं.

मग त्यांनी अण्णांना डोळे मिटून जागच्या जागी पावलं टाकायला लावली. अण्णा ऐटीत चालले. डोळे उघडले, तर समोर डॉक्टरबाई नाहीत, उजवीकडची भिंत.

"मी तर सरळच हुतो," ते हळू म्हणाले.

गोळ्या आणि कमी मीठ, एवढं अण्णांनी मान्य केलं. चक्कर न सांगता येते, तेव्हा फळी बंद, असं डॉक्टरबाईंनी बजावलं, तर ते उठून चपला घालू लागले.

परतताना करंजीला भजी खाल्ली. मी म्हटलं, बरं झालं, आता फळीचा प्रश्न मिटला. अण्णांनी भजं खाली ठेवलं.

"मिटला कसा? मी न्हाई चढलो, तर तुझी आई चढंल."

नगरपर्यंत जाऊन मी एकाच माणसाबद्दल विचारलं होतं. मी म्हणालो, यंदा दोघंही जायचं नाही, नोकरीच्या गावी माझ्या खोलीवर राहायला या. त्यांनी हात पुसले.

"तिला तू सांग," ते म्हणाले. "मी सांगितलं, तर मला घरी बसवून ती एकटीच जाईल."

घरी पोहोचलो तेव्हा आई अंगणात कोयत्याला धार लावत होती. पिशवी न उतरवताच मी तिच्यासमोर जाऊन बसलो.