घागरीतले जिवाणू

आमच्या मळ्यातल्या पालकात शिसं निघालं, त्याला आता दोन वर्षं होतील. मळ्याच्या वरच्या अंगाला कुणी एक जण जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवायचा. त्याचा धंदा बंद पडला, तो निघून गेला, शिसं मात्र आमच्या मातीत राहिलं. तपासणीचा कागद आला त्या दिवशी बायकोनं पातेल्यातली पालकाची भाजी उकिरड्यावर ओतली. आठ वर्षांची पोर रुसून बसली. पालक सोडून दुसरी भाजी तिच्या घशाखाली उतरत नाही.

कृषी खात्याच्या तेलुगू बाईंनी जिवाणूंची पाकिटं दिली. हे जीव शिसं मातीतच धरून ठेवतात, पिकात कमी चढू देतात, असं त्यांनी हिंदीत समजावलं. गुळाच्या पाण्यात कालवून शेणखतातून द्यायचे. जिवंत आहेत, जपा, एवढं त्या दोनदा म्हणाल्या.

जिवंत म्हटल्यावर आमच्या वडलांना प्लास्टिकची बादली पटेना. त्यांनी देवघरातली तांब्याची घागर चिंचेनं घासली, गुळाच्या पाण्यात जिवाणू सोडले आणि वर फडकं बांधून दोन दिवस ठेवले. हळदकुंकूही वाहिलं. पीक आलं, तपासलं, शिसं होतं तेवढंच. घागरीचं सांगितल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. तांब्यात जंतू मरतात म्हणून तर आपण त्यातलं पाणी पितो. हे आम्हालाही ठाऊक होतं, पण तेव्हा सुचलं नाही. वडील आठवडाभर माझ्याशी नजर मिळवेनात. माझ्यात रागवायचंही त्राण नव्हतं.

पुन्हा पाकिटं, पुन्हा शेणखत, या वेळी बादली. पुन्हा माती आणि पालक आदिलाबादला तपासणीला नेऊन दिला. शिसं उतरलं होतं, पण खाण्याजोगा पालक अजून नव्हता. आणखी एक हंगाम बघू, असं बाई म्हणाल्या. मी मान हलवली आणि घरी येऊन अंगणात तसाच बसलो.

बायको बाजारातली मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं.

"अवो, मातीतलं शिसं त्या जिवाणूनं धरून ठेवलं म्हंता," ती म्हणाली. "आपल्या पोरीनं इतके वर्सं खाल्लं, थे कोनं धरून ठेवलं?"

"काऊन असं बोलून राह्यली, माय?" वडील सुनेला म्हणाले. "पोर चांगली हाय."

"चांगली दिसते. तपासलं कोनं?"

पहिला कागद हातात आला तेव्हाच हे माझ्या मनात आलं होतं. मातीचा निकाल कितीही वाईट आला तरी सोसता येतो, म्हणून मी दोन वर्षं मातीच्याच मागे लागलो. माती तीनदा तपासली. पोरीचं रक्त एकदाही नाही.

सकाळी तिला शाळेऐवजी आदिलाबादच्या बसमध्ये बसवलं. खिडकी मिळाली म्हणून ती खुश होती. थोड्या वेळानं तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"बाबा, आज माती नाही घेतली तपासाले?"

"नाही," मी म्हणालो आणि तिला जवळ ओढलं.