नारळांची गोणी

माय मला ओळखते आहे तोवर काहीतरी करायचं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं, साक्रीत आमचं घर. माय भाजीत दोनदा मीठ घालायची, वडील जाऊन वर्षं झाली तरी त्यांचं ताट वाढायची. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, वय झालं, चालायचंच. धुळ्याच्या डॉक्टरांनी मात्र अल्झायमर असं नाव सांगितलं आणि म्हणाले, पुढे माणसंही ओळखू येणार नाहीत. घरी येऊन मी मायसमोर बसलो. तिने मला नावाने हाक मारून जेवला का विचारलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

त्याच डॉक्टरांनी डोंगर चढायची टूम काढली. पिंपळनेरकडचा एक उभा डोंगर आम्ही काही जणांनी चढायचा, म्हणजे लोकांना आजार कळेल, आणि वर्गणीतून धुळ्यात अशा म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारी एक जागा निघेल. मी लगेच हो म्हटलं. मग काय, दर रविवारी एक तर चढायचा सराव, नाहीतर गावोगाव वर्गणी. बायको म्हणायची, जगाला मायचं सांगत फिरता आणि ती इथे दिवसभर तुमचंच विचारते. मी तिच्यावरच डाफरायचो. मायसाठीच तर चाललंय ना हे सगळं! आता वाटतं, डोंगर कुठे पळून जात होता? ते रविवार मायजवळ बसून काढले असते तर तेवढेच पदरात पडले असते.

आमच्याकडे डोंगर चढायचा म्हणजे नवसच. बाजारात उभा राहून मी घसा कोरडा होईपर्यंत आजार समजावून सांगायचो. लोक मान हलवायचे, वर्गणी द्यायचे आणि वर हातात नारळ ठेवायचे. आमच्या आबांच्या नावाने चढव, आमच्या अक्काच्या नावाने चढव. डॉक्टर वैतागले. हा देवीचा कोप नाही, परत करा ते नारळ, म्हणाले. परत कोण करणार, कपाळ! गोणी भरली आणि ती माझ्याच पाठीवर आली. वर पोचेपर्यंत गुडघ्यांनी हात टेकले. शेंदूर फासलेल्या दगडापुढे आम्ही एकेक नारळ फोडू लागलो. डॉक्टर लांब उभे होते. शेवटी तेही आले, त्यांनीही एक फोडला. कोणाच्या नावाने, ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा माय ओट्यावर बसली होती. माझ्या कपाळाला शेंदूर, हातात प्रसादाची पिशवी. देवीच्या गडावरून आलेल्या माणसाचे पाय आमच्या घरात बाईमाणूस धुतं. माय उठली, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, खाली बसून तिने माझे पाय धुतले, पदराने पुसले. सगळं कसं नीट, पूर्वीसारखं. वाटलं, पावला की काय नवस! तेवढ्यात तिने माझ्या पायांवर डोकं टेकलं. मी घाबरून तिला धरून उठवलं.

तिने मला कौतुकाने न्याहाळलं.

"कोना पोऱ्या शे रे तू?"

मी पिशवीतला प्रसाद तिच्या हातावर ठेवला. तिने तो कपाळाला लावला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"घर जाय आते. तुनी माय वाट दखत व्हई."